गाडी आली तेव्हा चालत आली होती



"सर, गॅरेज टाकतोय. मुद्राचं शिशु कर्ज होऊन जाईल, 50 हजार. त्यात स्कॅनर कोणता घेऊ?"

हा प्रश्न इतक्या वेळा आलाय की त्याचं उत्तर एकदाच नीट लिहून टाकतो. स्कॅनर घ्या, जरूर घ्या, पण पहिल्या महिन्यात नको. त्याआधी एक सवय लावून घ्या, ती फुकट मिळते. माझ्याकडे ती सवय नव्हती, म्हणून मी एका माणसाची मंडई बुडवली आणि वरून त्याच्याकडून कॉइलचे 650 रुपये घेतले. व्हिडिओत हा किस्सा मी दोन मिनिटांत उरकला. खरं सांगू का, लाजेखातर उरकला. इथे पूर्ण सांगतो, कारण गाडीचा बिघाड शोधणं आणि धंदा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मी तेव्हा समजत होतो, आणि तुमच्यातले बरेच जण आजही समजतात.

बाहेरच्या जिल्ह्यांतले लोकही वाचतात म्हणून आधी मंडई म्हणजे काय ते सांगतो. आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. आज या गावात, उद्या त्या गावात. दिवसा बाजार, रात्री दंडार नाहीतर नाटक. लेकी-जावई येतात, पाहुण्यांनी घर भरतं. खेळणी, बांगड्या, जिलेबी, फुगे विकणाऱ्यांचं वर्षभराचं गणित या थोड्या दिवसांवर चालतं. एक दिवस गेला तर तो दुसऱ्या दिवशी भरून काढता येत नाही, कारण त्या गावची मंडई पुन्हा पुढच्या वर्षीच.

असाच एक खेळण्यांचं दुकान लावणारा माणूस, सालेकसा तालुक्यातला. त्याची जुनी कार्ब्युरेटरवाली ओम्नी. सकाळी आठला आमगावच्या माझ्या दुकानासमोर आणून उभी केली. मागे प्लास्टिकच्या ट्रॅक्टरांच्या आणि बाहुल्यांच्या गोण्या भरलेल्या. म्हणाला, "भाऊ, सीजन आहे. प्लग-वायर सगळं नवं टाकून द्या, रस्त्यात दगा नको. बारा वाजेपर्यंत मंडईत पोचायचं आहे."

गाडीत काही बिघाड नव्हता, हे लक्षात ठेवा. तो ती चालवत घेऊन आला होता.

तासाभराचं काम. तीन प्लग, प्लग वायरचा सेट, डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि रोटर. माझ्याकडचा पोरगा आयटीआय केलेला, हात चांगला. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे सीट उचलून, मान आत घालून काम करावं लागतं. त्याने कॅप उघडली, जुना रोटर काढला. नेमकं तेव्हाच काउंटरवर एकाला चेन-स्प्रॉकेटचा सेट हवा होता आणि तो वरच्या रॅकवर होता. मी हाक मारली, "अरे, जरा इकडे ये." तो आला, सेट काढून दिला, परत गेला, नवी कॅप बसवली, वायर लावल्या. सेल्फ मारला.

इंजिन छान फिरत होतं, पण पकडत नव्हतं. एक फट्‌सुद्धा नाही.

मग आम्ही जे केलं ते तुम्ही कुठल्याही गॅरेजमध्ये पाहिलं असेल. पहिल्यांदा पुन्हा सेल्फ, मग पुन्हा सेल्फ. मग "पेट्रोल येत नसेल" म्हणून पाइप काढून बघितला, पेट्रोल येत होतं. मग एक प्लग काढून बॉडीला टेकवून बघितला, स्पार्क नाही. मी लगेच निकाल दिला, "कॉइल गेली." माझ्याच काउंटरवर कॉइल होती, मार्जिनही बरं होतं, विचार कशाला करायचा? नवी कॉइल लावली. तरी नाही. मग चार जणांनी धक्का मारला. तोवर सेल्फ मारून मारून बॅटरी बसली. दुसऱ्या गाडीवरून करंट दिला. अकरा वाजले, बारा वाजले. तो माणूस आधी उभा होता, मग स्टुलावर बसला, मग रस्त्यावर जाऊन फोनवर कुणाला तरी "जागा धरून ठेव" म्हणून सांगू लागला.

दीडच्या सुमाराला आमच्या गल्लीतले एक म्हातारे मिस्त्री क्लच केबल घ्यायला आले. राजदूत आणि लँब्रेटाच्या जमान्यातला माणूस.

"काहून जी, नाही लागून राह्यली का?"

"नाही जी काका. कॉइलपण बदलून पाह्यली."

"आली कशी होती?"

"चालत आली होती."

"मग तुम्ही काय काय खोललं?"

मी सांगत गेलो: प्लग, वायर, कॅप. ते सीटपाशी वाकले, कॅप उघडली आणि काही न बोलता बाजूला झाले. आत रोटर नव्हताच. नवा रोटर काउंटरवर, त्याच्या डब्यात, चहाच्या ग्लासाशेजारी पडून होता.

रोटर बसवला आणि पहिल्या सेल्फला गाडी चालू.

हे का झालं ते नीट समजून घ्या. कॉइलमधून जोराचा करंट मधल्या जाड वायरने कॅपच्या मध्यभागी येतो. तिथून रोटर फिरत फिरत तो एकेका प्लगच्या वायरकडे वाटून देतो. रोटरच नाही तर कॅपपर्यंत आलेला करंट पुढे जाणार कुठे? तिन्ही प्लग मेलेले दिसतात. आम्ही फक्त प्लगपाशी बघितलं, कॉइलच्या मधल्या वायरपाशी बघितलंच नाही. तिथे स्पार्क टेस्टर लावला असता तर दणदणीत स्पार्क दिसला असता. कॉइल ठीक आहे आणि गडबड कॅपच्या पुढे आहे, हे एका मिनिटात कळलं असतं. वाटेच्या मध्यावर उभं राहून बघा, बिघाड अलीकडे की पलीकडे, एवढी साधी गोष्ट.

पण त्याच्याही आधीची गोष्ट त्या काकांनी विचारली. आली कशी होती, आणि तुम्ही काय खोललं. गाडी चालत आली असेल, तुम्ही इग्निशनचं काम केलं असेल आणि आता ती चालू होत नसेल, तर पहिला संशय स्वतःच्या हातावर घ्यायचा. कॉइल नेमकी त्याच तासाला मरण्याचा योग येतोही कधी कधी, नाही असं नाही. पण आधी स्वतःचं काम उलटं तपासा, योग-बिग नंतर.

ऐकायला शिका, मग हत्यार उचला

आता कामाचा भाग. गॅरेज टाकणाऱ्यांनी हे वहीत लिहून घ्या. स्पेअर पार्टचं दुकान टाकणाऱ्यांनी तर जरूरच लिहा, कारण अर्धी गिऱ्हाइकं तुमच्याकडे "कोणता पार्ट गेला असेल?" विचारतच येणार आहेत.

सेल्फ मारल्यावर गाडी स्वतःच सांगते. सेल्फच फिरत नसेल किंवा नुसता कट्‌कट् आवाज येत असेल, तर प्लगकडे जाऊच नका, बॅटरीचं टर्मिनल बघा. काम करताना काढलेलं टर्मिनल हाताने नुसतं टेकवून ठेवलेलं असतं, हे मी किती वेळा बघितलं सांगू नका. इंजिन जोरात फिरतंय पण गप्प आहे, म्हणजे स्पार्क नाही किंवा पेट्रोल नाही. आणि इंजिन फिरताना कार्ब्युरेटरमधून फट्‌फट् होतंय, सायलेन्सरमधून फटाका वाजतोय, म्हणजे स्पार्क आहे, पेट्रोलही आहे, फक्त स्पार्क चुकीच्या वेळी चुकीच्या घरात पडतोय. तेव्हा प्लग वायरची अदलाबदल झालेली असते. मारुती 800 आणि ओम्नीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात स्पार्कचा क्रम 1-3-2 असतो. कॅपवर ओळीने 1-2-3 लावून मोकळे होणारे हुशार लोक आहेत. म्हणून वायर एकेक करून बदला. जुनी एक काढली की तिच्या जागी नवी लावा, मग दुसरीला हात लावा. चारही एकदम ओढून काढल्या की क्रम गेला. किंवा काढण्याआधी मोबाईलने फोटो काढा. हा फोटो फुकटात तुमचा अर्धा दिवस वाचवतो.

स्पार्क बघताना प्लग हातात धरून बघायची मर्दुमकी करू नका. स्पार्क टेस्टर थोड्या पैशांत मिळतो, किंवा जुना प्लग चिमट्याने बॉडीला पक्का अर्थ करून ठेवा. आजूबाजूला पेट्रोलचा फडका, उघडा पाइप नको. गाडी गॅसवर असेल तर आधी गॅस बंद. आणि स्पार्क नसताना उगाच धक्का मारत बसू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये साचतं आणि मग एकदम असा आवाज होतो की अख्खा चौक वळून बघतो.

स्पार्क चांगला आहे, तरी गाडी पकडत नाही? प्लग काढून हुंगा आणि बघा. ओला असेल तर गाडी ओव्हर झाली आहे. प्लग पुसून वाळवा, थोडं थांबा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून सेल्फ मारा. सारखा सारखा सेल्फ मारून आपणच ती ओव्हर केलेली असते.

दुचाकीचं वेगळं नाही, सोपंच आहे. गोंदिया जिल्ह्यात धंद्याची रोजची भाकरी स्प्लेंडरसारख्या गाड्यांवर आहे. एक सिलिंडर, एक प्लग, वायर अदलाबदल व्हायला दुसरी वायरच नाही. तरी प्लग बदलल्यावर गाडी लागत नाही, असं होतंच. बहुतेक वेळा कारण इतकं किरकोळ असतं की सांगायलाही संकोच वाटतो. प्लगची टोपी नुसती टेकलेली असते, खट्‌कन बसलेली नसते. किंवा टोपी ओढून काढताना ती वायरमधूनच सुटलेली असते. टोपी वायरवर आट्याने बसते, वायर ओढायची नसते. किंवा धुताना किल स्विचला हात लागलेला असतो. किंवा काम करताना पेट्रोलचा कॉक बंद केला तो तसाच राहिला. कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी चालू होते, गिऱ्हाईक खूश होऊन निघतो आणि थोडं पुढे जाऊन बंद पडते. मग तो गाडी ढकलत परत येतो तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघवत नाही. रोवणीच्या दिवसांत तर विचारूच नका. मजूर बांधीत उभे आणि हा गाडी ढकलतोय.

नवीन पार्टवर आंधळा विश्वास नको, हेही सांगतो. नवा म्हणजे चांगला असंच नाही. डब्यातून पडलेल्या प्लगची गॅप मिटलेली असते. ती बहुतेक लहान पेट्रोल गाड्यांत अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर ते एक मिलिमीटरच्या आत असते. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा आणि फीलर गेजने मोजा, अंदाजाने नको. चिनीमातीला बारीक तडा असू शकतो. आणि बाजारात हुबेहूब डब्यातले नकली प्लग आहेत, हे पार्टवाल्यांना मी सांगायला नको. वीस रुपये स्वस्त मिळाला म्हणून उचललेला माल शेवटी गिऱ्हाइकाच्या गाडीतच जातो. जुन्या पॉइंटवाल्या गाड्या अजून कुठे कुठे आहेत. नव्या पॉइंटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो, तो पुसला नाही तर नवाकोरा पॉइंट असूनही स्पार्क मरतो.

या सगळ्याचं एकच पक्कं औषध आहे. जुना पार्ट परत लावून बघा. गाडी जुन्या प्लगवर आली होती ना? मग जुना प्लग लावा. चालू झाली तर नवा खराब आहे. यासाठी जुना पार्ट हाताशी पाहिजे, भंगारात फेकलेला नको. माझ्या दुकानात आता नियम आहे: गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत जुनं सामान ट्रेमधून हलत नाही.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आल्यावर बहुतेक नव्या दुचाकींत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. तिथे स्कॅनर लागतो, मान्य. पण तिथेही काम केल्यावर गाडी लागत नसेल तर आधी आपण काढलेला कपलर बसला आहे का ते बघा. स्कॅनर तुम्हाला अमुक सेन्सरचा सिग्नल येत नाही एवढंच सांगेल. तो कपलर तुम्हीच बाजूला करून ठेवला होता, हे सांगणार नाही. मग तुम्ही सेन्सर मागवाल, आणि नागपूरहून तो येईपर्यंत दोन दिवस गाडी उभी.

650 रुपयांचा प्रश्न

आता त्या दिवशी पुढे काय झालं.

बिल करायला बसलो. प्लग, वायर, कॅप, रोटर. मजुरी सोडली आणि मनातल्या मनात मोठेपणा घेतला. मग कॉइल. ती गाडीत बसलेली होती, काढायला वेळ नव्हता, 650 लिहिले. त्याने विचारलं, "कॉइलपण गेली होती का भाऊ?" मी म्हणालो, "कमजोर होती. आज ना उद्या गेलीच असती."

खोटं होतं ते. मी ती कॉइल तपासलीच नव्हती. त्याने पैसे मोजून दिले आणि गेला. नंतर कळलं की तो पोचला तेव्हा रांगेतली चांगली जागा गेली होती, मागच्या बाजूला अंधारात बसला आणि माल तसाच परत आणला. अकरा दिवसांनी दुसऱ्या एका ओम्नीत ती जुनी कॉइल सहज लावून बघितली. गाडी मस्त चालू झाली.

इथे माझं मत स्पष्ट आहे आणि ते अनेकांना पटत नाही. मी ज्या ट्रेनिंगला गेलो होतो तिथे एकाने शिकवलं होतं की गिऱ्हाइकासमोर चूक कधीच कबूल करायची नाही, विश्वास जातो. सांगायचं की "गाडीच जुनी आहे साहेब." मला हे साफ नामंजूर आहे. लहान गावात गिऱ्हाईक मूर्ख नसतो, तो फक्त बोलत नाही. पुढच्या वेळी तो दुसरीकडे जातो आणि का गेला हे तुम्हाला कधी कळत नाही. बीबीएला असताना "सर्व्हिस रिकव्हरी"वर मी आठ मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, चांगले मार्क पण मिळाले होते. काउंटरवर 650 लिहिताना त्यातलं एक वाक्य आठवलं नाही.

हिशोबानेच बोलायचं तर बोलू. त्या कॉइलमध्ये मला सव्वाशेच्या आसपास सुटले. तो माणूस वर्षातून तीन-चारदा सर्व्हिसिंग करायचा, ऑइल माझ्याकडून न्यायचा, आणि मंडई फिरणारा असल्यामुळे त्याच्यासारख्या आणखी पाच-सहा जणांना घेऊन आला होता. त्या वर्षी उरलेल्या सीजनभर त्यातला एकही फिरकला नाही. सव्वाशे रुपयांत सहा गिऱ्हाइकं विकली मी. नैतिकता क्षणभर बाजूला ठेवली तरी हा सौदा कोणता बीबीएवाला बरोबर म्हणेल? आणि नैतिकता बाजूला ठेवायचीही नाही. कायद्याच्या भाषेत सांगायचं तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली त्रुटी हीसुद्धा तक्रारीची बाब आहे. पण खरं सांगतो, कायद्याच्या भीतीने मी काही केलं नाही. ती जुनी कॉइल शेल्फवर रोज दिसायची, त्याने केलं.

मग पार्ट तपासायला लागला तर त्याचे पैसे कोणी द्यायचे? माझं उत्तर आहे, दुकानाने. शोध लागेपर्यंत गिऱ्हाइकाच्या गाडीत विक्रीचा नवा पार्ट बसवायचाच नाही. त्यासाठी टेस्टचा वेगळा संच ठेवा. चालू असल्याची खात्री असलेली एक कॉइल, दुचाकीचं एक सीडीआय, दोन प्लग, एक प्लग टोपी, एक रिले, एक मल्टिमीटर, एक स्पार्क टेस्टर. भंगारातून चांगले जुने पार्ट निवडले तर हा संच दोन-तीन हजारांत उभा राहतो. सगळ्यांवर लाल रंगाचा पट्टा मारा, म्हणजे घाईत विकले जाणार नाहीत. संशय आला की लाल पार्ट लावा, खात्री करा, मगच नव्याचा डबा फोडा. 50 हजारांतला पहिला खर्च हा करा, स्कॅनर नंतर.

आणि तपासणीचे पैसे घ्या. हो, घ्या! आपल्याकडे "नुसतं बघायचे कसले पैसे?" असं म्हणतात, म्हणून मिस्त्री बघण्याची मेहनत पार्टच्या आड लपवतो. इथूनच खोटं सुरू होतं. पार्ट बदलला नाही तर मिस्त्रीला काही मिळत नाही, म्हणून काही ना काही बदलावंच लागतं. मी 100 रुपये तपासणीचा बोर्ड लावला तेव्हा पहिले दोन महिने लोक हसले, काही उठून गेले. लांजीकडून येणारा एक जण म्हणाला, "भैया, डॉक्टर हो क्या?" मी म्हणालो, "होय, आणि औषध लागलं नाही तर नुसती फी." आता लोक स्वतःहून म्हणतात, आधी बघून सांगा. मात्र याची दुसरी बाजू पाळली तरच हा बोर्ड शोभतो. आपण काम केलेली गाडी परत आली तर तपासणी फुकट, मजुरी फुकट, आणि चूक आपली निघाली तर तसं तोंडाने सांगायचं. "माझ्याकडून रोटर राहिला होता." पाच सेकंद लागतात. फार जड जातात, पण पाचच.

त्या पोराबद्दलही दोन शब्द. त्या दिवशी मी त्याला सगळ्यांसमोर बोललो. चूक त्याची नव्हती, माझी होती. कॅप उघडी असताना मी त्याला काउंटरवर बोलावलं. अर्धवट कामातून माणूस उठवला की परत आल्यावर त्याचा हात पुढच्या पायरीपासून सुरू होतो, आणि मधली पायरी गायब होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचं मूळ असलेले अमेरिकेतले सर्जन अतुल गवांदे यांनी 2009 साली चेकलिस्टवर एक पुस्तक लिहिलं. त्यात 1935 च्या एका विमान अपघाताची गोष्ट आहे. बोइंगचं नवंकोरं मॉडेल 299, चालवणारे कसलेले वैमानिक, आणि उड्डाण करताच विमान कोसळलं. इंजिनात बिघाड नव्हता. जमिनीवर उभं असताना विमानाच्या शेपटीकडची सुकाणूची पाती वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेलं कुलूप काढायचं राहिलं होतं. त्यानंतर वैमानिकांसाठी उड्डाणापूर्वीची यादी आली. एवढ्या मोठ्या माणसांचं कुलूप राहतं तर आमच्या पोराचा रोटर राहिला, त्याला मी कोण बोलणारा? त्याला यादी मी दिली नव्हती.

आता आमच्याकडे यादीपेक्षाही सोपी गोष्ट आहे, एक पत्र्याचा ट्रे. नवा डबा फोडला की रिकामा डबा ट्रेमध्ये. जुना पार्ट काढला की तो त्याच डब्याशेजारी. गाडी बंद करण्याआधी जोड्या मोजायच्या. जुना रोटर आहे, पण त्याच्या शेजारचा डबा भरलेला, म्हणजे काहीतरी राहिलं. हे मोजायला शिक्षण लागत नाही. आणि हातात पाना असलेल्या माणसाला हाक मारायची नाही. काउंटरवर गिऱ्हाईक थांबलं तर थांबलं. हा नियम मीच सगळ्यात जास्त मोडतो, आणि पोरगा आता मला आठवण करून देतो. देऊ द्या.

पैसे परत केले का, असं व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी विचारलं. केले. तो दुकानात येईना, म्हणून त्याच सीजनमध्ये एका मंडईत त्याला शोधत गेलो. फुग्यांच्या आणि प्लास्टिकच्या ट्रॅक्टरांच्या मधे बसला होता. मी 650 रुपये पुढे केले आणि सांगितलं, "तुमची कॉइल चांगली होती. रोटर आमच्याकडून राहिला होता, आणि मी तुम्हाला खोटं सांगितलं." त्याने नोटा घेतल्या, मोजल्या, गल्ल्यात टाकल्या. एका पोराला भोवरा दाखवत होता, तो विकून झाला, मग म्हणाला, "हे ठीक झालं भाऊ. पण त्या दिवसाच्या मंडईचं काय करता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहा पाजला, थोडा वेळ बसलो, पुतणीसाठी एक ट्रॅक्टर घेतला आणि परत आलो. उन्हाळ्यात तो गाडी घेऊन आला, फक्त ऑइल बदलायला. ऑइल होईपर्यंत स्टुलावर न बसता पोराच्या बाजूलाच उभा होता, हातातल्या पान्याकडे बघत. मी काही बोललो नाही. त्याची जुनी कॉइल लाल पट्टा मारून टेस्टच्या संचात आहे आणि आजपर्यंत दोन गाड्यांची कॉइल चांगली असल्याचं तिनेच दाखवून दिलं आहे.

पुढच्या व्हिडिओत हा टेस्टचा संच उघडून दाखवतो, कोणता पार्ट भंगारातून कसा निवडायचा ते.